पाणपिसू विषाशी जुळवून घेते, म्हणजे नेमकं कोण काय करतं?



मागच्या व्याख्यानात तलावाच्या हिरव्या पाण्याचा विषय निघाला होता. बोलता बोलता आम्ही एक वाक्य सहज टाकून गेलो, की पाण्यातल्या काही बारीक जीवांना या हिरव्या विषाशी जुळवून घेता येतं. व्याख्यान संपलं आणि पवनीकडचे एक ढीवर गृहस्थ, वयाने आमच्याएवढेच, पुढे आले. म्हणाले, "सर, त्या पिसवा जहर खाऊन बी जगतेत म्हनता. मंग तलाव साफ कायले करा लागते?"

आम्ही हसून "तसं नसतं हो" असं काहीतरी म्हणालो. घरी आल्यावर ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. प्रश्न अगदी रास्त होता. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने 'जुळवून घेणं' हा शब्द वापरावा आणि त्याचा अर्थ विचारल्यावर हसून वेळ मारून न्यावी, हे काही बरं नाही. म्हणून आजचं सगळं व्याख्यान हे त्या गृहस्थांना दिलेलं उत्तर आहे असं समजा. प्राणिशास्त्र आमचा विषय नाही, ते आम्ही वाचून आणि त्या विषयातल्या मित्रांना विचारून शिकलो. शब्दांची झाडाझडती मात्र आमच्याच धंद्यातली.

आधी ही पाणपिसू कोण ते पाहू. नाव पिसू असलं तरी ती कुत्र्याच्या अंगावरची पिसू नव्हे. ती कीटकही नाही. झिंगे आणि खेकडे ज्या कवचधारी कुळातले, त्याच कुळातली ही दूरची नातेवाईक. आकार साधारण एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे राईच्या दाण्याएवढी. पाण्यात झटके देत उड्या मारल्यासारखी पोहते, म्हणून पिसू म्हणायचं. शास्त्रीय नाव डॅफ्निया. आपल्या उथळ, उष्ण पाण्यात तिच्या मोइना, सिरिओडॅफ्निया अशा लहान चणीच्या बहिणीही असतात. आमच्या एका प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पूर्वी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. अंग काचेसारखं पारदर्शक, आत हृदय धडधडताना दिसतं, आतड्यात नुकतंच खाल्लेलं हिरवं शेवाळ दिसतं आणि पाठीवरच्या पोकळीत अंडी दिसतात. काही लपवायची सोय तिच्याजवळ नाहीच.

ती पायांनी पाणी गाळते आणि त्यातलं बारीक शेवाळ खाते. आता इथे गंमत अशी, की ती निवड करत बसत नाही. चाळणीतून जे येईल ते बहुतेक तोंडात जातं. आणि तिला कोण खातं? माशांची पिल्लं खातात. ज्यांनी मत्स्यजिरे आणून बोटुकली वाढवली आहे त्यांना हे सांगायला नको. तळ्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात ते कशासाठी? पाण्यात शेवाळ यावं, शेवाळावर पिसवा याव्यात आणि पिसवांवर पिल्लं वाढावीत म्हणून. शेवाळ आणि मासा यांच्यामधली पायरी म्हणजे ही पाणपिसू. ती पायरी निखळली की वरचं सगळं डळमळतं.

आता विषाकडे येऊ. नील-हरित शेवाळ म्हणतो ते खरं म्हणजे शेवाळ नाहीच. ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू पहिल्यांदा भरला तो यांच्याच पूर्वजांनी, तेव्हा त्यांना सरसकट दुष्ट म्हणायचं कारण नाही. पण त्यांच्यात मायक्रोसिस्टिस नावाचा एक प्रकार आहे. पाण्यात फॉस्फरस आणि नत्र वाढलं, ऊन कडक असलं, पाणी संथ असलं, की तो माजतो. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे तो वर तरंगतो आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग धरतो. त्याच्या अनेक वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं विष असतं आणि ते यकृतावर घाला घालतं.

हे विष किती खरं आहे, ते दोन घटनांवरून कळेल. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून कळवलं, की ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं तवंग आलेलं पाणी पिऊन जनावरं मेली. तिथला प्रकार मायक्रोसिस्टिसचा नव्हता, त्याच्या एका भाऊबंदाचा होता, पण या विषयावरची ती पहिली शास्त्रीय नोंद मानतात. दुसरी घटना १९९६ सालची, ब्राझीलमधल्या कारुआरू गावची. तिथे डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन थेट रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे पिण्याच्या पाण्यात या विषाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम अशी सुचवली, यावरून त्याची ताकद लक्षात घ्या.

पाणपिसूला हे तीन बाजूंनी छळतं. एक, मायक्रोसिस्टिसचे पुंजके मोठे, ते तिच्या चाळणीत अडकतात. दोन, खाल्लं तरी अंगी लागत नाही, कारण तिच्या वाढीला लागणारी काही स्निग्ध द्रव्यं त्यात नसतात. आणि तिसरं विष. मायक्रोसिस्टिन आहेच, शिवाय तिच्या पाचकद्रव्यांना कुलूप लावणारी वेगळी रसायनंही त्यात असतात. म्हणजे पोट भरलेलं आणि तरी उपाशी.

इतकं असूनही ज्या तलावांत हे शेवाळ वर्षानुवर्षं आहे, तिथे पाणपिसवा टिकून आहेत. कशा?

इथे आम्हाला आमच्या जुन्या विषयातला एक वाद आठवतो. थोडं थांबा, विषय सोडून जात नाही आहोत. कुंभार कच्चं मडकं आव्यात घालतो. कच्चं असताना ते काळपट असतं, भाजल्यावर लाल होतं. आता प्रश्न असा, की जे काळपट मडकं आत गेलं तेच लाल होऊन बाहेर आलं का? नैयायिक म्हणाले, हो, तेच. मडकं अखंड राहिलं, फक्त त्याचा रंग बदलला. याला पिठरपाक म्हणतात, पिठर म्हणजे मडकं. वैशेषिक म्हणाले, नाही. आगीत ते मडकं परमाणूंपर्यंत सुटं झालं, परमाणूंचा रंग बदलला आणि त्यांचं नवं मडकं तयार झालं. बाहेर आलेलं मडकं दिसायला तसंच, पण आत गेलेलं ते संपलं. याला पीलुपाक म्हणतात, पीलु म्हणजे परमाणू. आमच्या विद्यार्थ्यांना हा वाद नेहमी पोरकट वाटायचा. "सर, मडक्याचं काय एवढं?" असं म्हणायचे. आम्हालाही त्याचा खरा उपयोग निवृत्तीनंतर पाणपिसवांबद्दल वाचताना कळला, हे प्रांजळपणे सांगतो.

"पाणपिसू विषाशी जुळवून घेते" हे वाक्य ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पिठरपाक येतो. एक पिसू आहे, तिला विष मिळालं, ती आधी आजारी पडली, मग सवय झाली, मग धडधाकट झाली. सासरी आलेली सून जुळवून घेते तसं. प्रत्यक्षात काय झालं ते पाहायला जर्मनीच्या सीमेवर जावं लागेल, कारण तिथे ते चिखलात लिहून ठेवलेलं सापडलं.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्ये कॉन्स्टन्स नावाचं मोठं, खोल सरोवर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचं पाणी स्वच्छ होतं, फॉस्फरस लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. मग शहरांचं सांडपाणी, कपड्यांच्या साबणातलं फॉस्फेट आणि शेतातली खतं येत गेली. १९८० च्या सुमारास हाच आकडा ८० च्या पुढे गेला. त्या काळात नील-हरित शेवाळही वाढलं. पुढे त्या तिन्ही देशांनी सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रं बांधली, साबणातलं फॉस्फेट आवरलं आणि या शतकाच्या सुरुवातीला पाणी पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखं झालं.

आता पाणपिसूची एक खोड सांगायला हवी. एरवी तिच्या वंशात नराची गरज नसते. आई आपल्यासारख्याच मुली जन्माला घालत जाते, एकामागून एक पिढ्या. पण दिवस वाईट आले, म्हणजे थंडी पडली, खाणं संपलं किंवा पाणी आटायला लागलं, की नर जन्माला येतात, मीलन होतं आणि वेगळीच अंडी तयार होतात. कडक कवचाच्या डबीत बंद, तळाशी जाऊन झोपणारी. ही अंडी चिखलात दशकानुदशकं जिवंत राहू शकतात. खोल सरोवराच्या तळाशी दरवर्षी चिखलाचा पातळ थर बसतो आणि त्या थरात त्या वर्षाची अंडी. नळी खुपसून चिखलाचा उभा दांडा काढला की वरून खाली वर्षं मोजता येतात. घरच्या जुन्या खतावण्यांसारखं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे नेल्सन हेअरस्टन, जर्मनीचे विनफ्रीड लाम्पर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी ही खतावणी उघडली. वेगवेगळ्या दशकांच्या थरांतली अंडी उबवली. विचार करा, जिची आई साठच्या दशकात मेली ती पिसू नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेत जन्माला आली. मग सगळ्यांना एकदा चांगलं अन्न दिलं आणि एकदा विषारी मायक्रोसिस्टिस मिसळलेलं, आणि वाढ मोजली. १९९९ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला. शेवाळ माजण्याआधीच्या काळातल्या पिसवांत फरक पुष्कळ होता. काही विषासमोर अगदी कोलमडायच्या, काही बऱ्यापैकी तग धरायच्या. शेवाळ माजल्यानंतरच्या थरांत त्या कोलमडणाऱ्या दिसेनाशा झाल्या. उरल्या त्या तग धरणाऱ्या.

मंडळी, हा पीलुपाक आहे! कुठलीही पिसू आपलं आयुष्य बदलून विषप्रूफ झाली नाही. ज्या नाजूक होत्या त्यांचे वंश मेले. ज्या चिवट होत्या त्यांचे वाढले. काही दशकांनी वरून पाहणाऱ्याला वाटतं, 'कॉन्स्टन्सच्या पिसूने जुळवून घेतलं.' मडकं तेच दिसतं. पण आत गेलेलं मडकं संपलेलं असतं. 'जुळवून घेतलं' या क्रियापदाचा कर्ता शोधायला गेलं तर सापडत नाही, सापडतात ती न जन्मलेली पिल्लं. शब्दाने मृत्यूंचा हिशेब झाकून टाकला. आणि हे आम्ही फक्त पिसवांबद्दल बोलत नाही आहोत, पण तो विषय आज नको.

एवढ्यावर थांबलो तर मात्र नैयायिकांवर अन्याय होईल. पिठरपाकही थोडा खरा आहे. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात असं दिसलं, की पाचकद्रव्यांना कुलूप लावणारं शेवाळ खायला मिळालं की पाणपिसूचं आतडं त्या द्रव्यांच्या दुसऱ्या, कमी अडकणाऱ्या जाती तयार करायला लागतं. म्हणजे एकाच जीवात, एकाच आयुष्यात बदल. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या प्रयोगात ज्या आयांना विषारी शेवाळाची ओळख झाली होती त्यांच्या मुलींचं त्याच शेवाळावर अधिक बरं चाललं. आईने अंड्यातूनच काहीतरी शिदोरी बांधून दिली म्हणायची.

आणि सगळ्यात चकित करणारा प्रकार बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाचा, २०१७ सालचा. त्यांनी काही पिसवांना जंतूमुक्त केलं, आतडं अगदी कोरं. मग चिवट पिसवांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना दिले. त्या कोऱ्या पिसवा विष सोसायला लागल्या! म्हणजे चिवटपणाचा एक भाग पिसूचा नाहीच, तिच्या पोटातल्या भाडेकरूंचा आहे. आता सांगा, कर्ता कोण? आम्ही व्याख्यानासाठी याचा विचार करायला बसलो आणि एक संध्याकाळ त्यात गेली. पण लक्षात घ्या, या सगळ्या वैयक्तिक युक्त्यांना मर्यादा आहे. त्या काही दिवस, एखाद-दोन पिढ्या तारून नेतात. दशकं तारून नेतो तो वंशांचा निवाडा.

हा निवाडा फुकट नसतो. कॉन्स्टन्सची खतावणी २०२१ साली पुन्हा तपासली गेली, याना इसांता-नवारो आणि सहकाऱ्यांनी, आणि त्यांच्यात जुने हेअरस्टनही होते. पाणी स्वच्छ झाल्यानंतरच्या थरांत नाजूक पिसवा परत आलेल्या दिसल्या. विषाला टिकणारा गुण जसा वेगाने आला होता तसाच वेगाने ओसरला. याचा अर्थ असा, की चिवट असण्याचा काहीतरी खर्च असावा. विष नसताना तोच चिवटपणा ओझं होतो आणि नाजूक पिसू शर्यतीत पुढे जाते. चोवीस तास ढाल धरून शेती करता येत नाही, तसं.

आता भंडाऱ्यात परत येऊ.

आपला जिल्हा तलावांचा. गोंदिया १९९९ साली वेगळा झाला, पण तलावांची परंपरा दोन्हीकडे एकच. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून पाळ बांधून, तुडुम बसवून हे तलाव उभे केले. पन्नासच्या दशकाच्या तोंडाशी मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि कागदावर 'मामा तलाव' झाले, माजी मालगुजारी तलाव. धानाला पाणी, ढोरांना पाणी, ढीवरांना मासे आणि शिंगाडा, असं सगळं एकाच तलावावर. खाली धानाच्या बांध्या, वरून येणाऱ्या पाण्याबरोबर खत. गावाचं सांडपाणी आलंच. गोसेखुर्दच्या जलाशयाची गोष्ट आणखी मोठी, तिथे नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत येतं. कॉन्स्टन्सला जे घडलं त्याची सामग्री आपल्याकडे भरपूर आहे.

तरी कॉन्स्टन्सचा धडा जसाच्या तसा उचलता येत नाही. ते सरोवर अडीचशे मीटर खोल, तळ थंड आणि निश्चल. आपला तलाव उन्हाळ्यात आटतो, त्यात ढोरं फिरतात, म्हशी लोळतात, चिखल ढवळला जातो. आपल्या चिखलात वर्षांचे थर नीट बसत नाहीत. ती खतावणी नाही, पोत्यात कोंबलेले सुटे कागद आहेत. पण कागद आहेत! जुनी अंडी आणि नवी अंडी, नाजूक वंश आणि चिवट वंश, सगळे एकत्र. मृगाचा पाऊस पडून पाणी साचलं की काही दिवसांत पाण्यात वळवळ दिसायला लागते, ती या झोपलेल्या अंड्यांची. म्हणून तलाव खोल करताना सगळा गाळ एकाच वर्षी, तळ खरवडून नेऊ नये, एखाद्या अंगाचा तसाच राहू द्यावा, असं आमचं मत आहे. गाळ शेतात न्यावा, तो आपला जुना शहाणा रिवाज आहे. पण तलावाची आठवणही त्याच गाळात असते.

आता त्या गृहस्थांचा मूळ प्रश्न. पिसवा विष पचवतात, मग तलाव स्वच्छ कशाला?

चिवट पिसवा शेवाळ खाऊन कमी करू शकतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं आहे, खोटं नाही. पण तिथेही पिसवांना वाढायला मोकळीक हवी. आपल्या तलावात आपण काय सोडतो? कटला, रोहू, मृगळ. यातला कटला वरच्या पाण्यातला, आणि त्याचं आवडतं खाणं म्हणजे याच पिसवा आणि त्यांच्यासारखे जीव. बीज दाट सोडलं की पिसवा मायक्रोसिस्टिसशी जुळवून घेतील, पण कटल्याच्या तोंडाशी कसं जुळवून घेणार? लपायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे पाण्याखालच्या वनस्पतींची झुडपं. दिवसा पिसवा तिथे दडतात. या जिल्ह्यात ढीवरांच्या संस्थांनी आणि काही अभ्यासकांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्या कामाची किंमत इथे कळते. त्या वनस्पती पाण्यातलं खतही ओढून घेतात, म्हणजे शेवाळाचं खाणंच कमी होतं.

दुसरं असं, की पिसू टिकली म्हणून विष गेलं असं होत नाही. ती टिकते ती स्वतःपुरती. तेच पाणी पिणाऱ्या गाईला पिसूच्या तीस-चाळीस वर्षांच्या निवाड्याचा काही उपयोग नाही. पिसूची पिढी आठ-दहा दिवसांत वयात येते, एका हंगामात तिच्या कितीतरी पिढ्या होतात. गाईच्या आणि माणसाच्या पिढ्यांचा हिशेब तुम्हीच करा. आणि पहाटे, दाट शेवाळाच्या तलावात प्राणवायू उतरला की मासे वर येऊन तोंड उघडतात, सकाळी पोट वर करून तरंगतात, हे त्या गृहस्थांनी आमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असणार. त्या सकाळी चिवट पिसू माशाच्या कामाला येत नाही.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं, की तलाव साफ करायचा तो चिवट पिसवांसाठी नव्हे, नाजूक पिसवांना पुन्हा जागा मिळावी म्हणून. त्यांना जगता येईल असं पाणी गाईलाही चालतं आणि माशालाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तलावाचं पाणी हिरवं दिसलं म्हणजे ते विषारीच असं नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी विष ओळखता येत नाही. पण एक साधी चाचणी घरी करता येते. हातात प्लास्टिकची पिशवी घालून, पारदर्शक बरणीत पाऊणभर पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. झाकण घट्ट लावू नका. हिरवं सगळं तळाशी बसलं तर ते बहुधा साधं शेवाळ. वर येऊन जाड कडी धरली तर सायनोबॅक्टेरियाचा संशय धरा, पाणी तपासायला द्या, आणि तोवर त्या काठाने ढोरं पाण्यावर नेऊ नका. ते पाणी उकळून प्यायलो तर चालेल असंही समजू नका. मायक्रोसिस्टिन उकळल्याने जात नाही.